व्हिस्कीची बाटली वाचायला शिकताना

चार वर्षांपूर्वी ग्लासगोहून परत येताना मी काकांसाठी विमानतळावरून एक बाटली घेतली. काका नुकतेच निवृत्त झाले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं: "एखादी चांगली सिंगल माल्ट मिळाली तर आण." दुकानात भिंतभर बाटल्या होत्या. मी 'स्कॉच' वाचलं, 'माल्ट' वाचलं, खोकं देखणं होतं, घेतलं. घरी काकांनी चष्मा लावून लेबल वाचलं आणि म्हणाले, "ही ब्लेंडेड माल्ट आहे रे." मग फरक काय, असं काकूंनी विचारलं. ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

तेव्हापासून आम्ही दोघं हा विषय शिकतोय. वाचून, विचारून, आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी तीस मिली समोर ठेवून. शिकताना एक गोष्ट पक्की कळली. लेबलवरचा जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या भांडणातून आलेला आहे. कुठे कराचं भांडण, कुठे नव्या यंत्राचं, कुठे फसवणुकीचं. ते भांडण कळलं की शब्द लक्षात राहतो, आणि शब्द कळला की किमतीला आणि सोनेरी खोक्याला भुलायचं कारण उरत नाही.

सुरुवातीला काय लागेल

- महाराष्ट्रात राहत असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा मद्यसेवन परवाना. एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजीवन असे प्रकार आहेत. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि फोटो हाताशी ठेवा. व्हिस्कीसाठी आपल्याकडे वयाची अट २५ वर्षांची आहे. गोव्यात ती २१ आहे, पण गोव्याचा नियम सिंधुदुर्गात चालत नाही.
- खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा एक ग्लास. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो.
- साधं, वास नसलेलं पिण्याचं पाणी आणि एक चमचा.
- एक वही. ही लागतेच, कारण तिसऱ्या बाटलीनंतर पहिलीची चव आठवत नाही.

१. नावापासून सुरुवात करा

मध्ययुगातल्या युरोपात मठांमधले साधू औषधासाठी अर्क काढत. त्या अर्काला लॅटिनमध्ये 'अक्वा व्हिटे' म्हणत, म्हणजे जीवनाचं पाणी. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत त्याचं 'उश्के बाहा' झालं, आणि इंग्रजांच्या तोंडी घासून घासून 'व्हिस्की'. आपल्याकडे संस्कृतात 'जीवन' या शब्दाचा एक अर्थ पाणी असाच आहे, हे काकांनी मला या निमित्ताने सांगितलं.

स्कॉटलंडमधली सर्वात जुनी लेखी नोंद १४९४ सालची आहे. राजा चौथा जेम्स याच्या खजिन्याच्या हिशेबात लिहिलंय की जॉन कॉर नावाच्या साधूला 'अक्वा व्हिटे' करण्यासाठी आठ बोल माल्ट द्यावा. बोल हे धान्याचं जुनं माप. आयर्लंडच्या बखरींत त्याही आधी, १४०५ साली, नाताळात हे पेय अती झाल्यामुळे एक सरदार मेल्याची नोंद सापडते. आधी कोणी केली यावर दोन्ही देश अजून भांडतात. नवख्याने त्या वादात पडू नये.

स्पेलिंगचा घोळ मात्र इथेच मिटवून टाका. आयर्लंड आणि अमेरिकेतल्या बाटल्यांवर 'के' आणि 'वाय'च्या मध्ये सहसा 'ई' असतो; स्कॉटलंड, जपान, कॅनडा आणि भारतात नसतो. अमेरिकेत 'ई' न लावणारे ब्रँडही आहेत, मेकर्स मार्क हा त्यातला एक. त्या एका अक्षराने दर्जा ठरत नाही.

२. धान्य कोणतं ते शोधा

व्हिस्की धान्यापासून होते. द्राक्षांपासून केली तर ब्रँडी, उसापासून केली तर रम. ही ओळ लक्षात ठेवा, भारतीय बाटल्यांकडे येऊ तेव्हा ती लागेल.

'माल्ट' म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक वेळा बार्ली. ज्यांच्या घरी बाळासाठी नाचणीचं सत्त्व करतात त्यांना हे वेगळं समजवायला नको. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात की त्यांच्यामुळे पिठूळ भागाची साखर होते, म्हणून ते सत्त्व गोडसर लागतं. बार्लीचंही तेच. पुढे ही साखर गरम पाण्यात उतरवतात, त्यात यीस्ट घालतात, आणि दोन-तीन दिवसांत बिअरसारखं साधारण ८ टक्के अल्कोहोलचं आंबवण तयार होतं.

मोड वाळवायला जळण लागतं. स्कॉटलंडच्या बेटांवर झाडं कमी, म्हणून तिथे पीट जाळत. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो विटांसारखा कापून, गोवऱ्यांसारखा उन्हात वाळवून जाळतात. त्याचा धूर दाण्यात मुरतो आणि शेवटपर्यंत राहतो. आयला नावाच्या बेटावरच्या लाफ्रोइग, आर्डबेग, लागावुलिन या व्हिस्क्यांना जो टिंक्चर आयोडीनसारखा, विझलेल्या चुलीसारखा वास येतो तो हाच. (बेटाचं नाव इंग्रजीत लिहिताना त्यात एक मूक 'एस' असतो, म्हणून नकाशात पटकन सापडत नाही.)

*इथे चुकू नका:* पहिलीच बाटली धुराची घेऊ नका. माझ्या एका मित्राने घेतली आणि त्याला वाटलं माल खराब निघाला. धूर आवडायला वेळ लागतो. काकांना दीड वर्ष लागलं, आता त्यांना दुसरं काही आवडत नाही.

३. भांडं तांब्याचं की मनोऱ्याचं

आंबवण तापवलं की अल्कोहोल पाण्याआधी वाफ होऊन निघतो. ती वाफ थंड केली की अर्क. गोव्यात काजूच्या भट्टीवर पहिल्या धारेचा उर्राक आणि पुन्हा उकळून काढलेली फेणी ज्याने पाहिली आहे, त्याला स्कॉटलंडची डिस्टिलरी परकी वाटणार नाही. तिथेही तांब्याच्या कांद्यासारख्या भांड्यात, म्हणजे पॉट स्टिलमध्ये, दोनदा उकळतात. पहिल्यांदा वीस-पंचवीस टक्क्यांचा अर्क निघतो, दुसऱ्यांदा सत्तरच्या आसपास. सुरुवातीची तीव्र धार आणि शेवटची उग्र धार बाजूला काढून मधलीच ठेवतात. तांबं शोभेसाठी नसतं. आंबवणातली गंधकाची दुर्गंधी ते धरून ठेवतं. आयर्लंडमध्ये पुष्कळदा तीनदा उकळतात, म्हणून तिथली व्हिस्की हलकी लागते.

मग आलं यंत्र. १८३० साली ईनियस कॉफी या डब्लिनच्या माणसाने उंच मनोऱ्यासारख्या स्टिलचं पेटंट घेतलं. वरून आंबवण खाली येतं, खालून वाफ वर जाते, आणि अर्क न थांबता निघत राहतो. स्वस्त, हलका, भरपूर. कॉफी स्वतः अबकारी खात्यात काम केलेला माणूस. आयरिश डिस्टिलरांनी त्याच्या यंत्राकडे पाठ फिरवली. स्कॉटलंडने ते उचललं, त्यात मका-गव्हाचा हलका अर्क काढला, तो तांब्याच्या भांड्यातल्या माल्टमध्ये मिसळला, आणि 'ब्लेंडेड' स्कॉच जगभर गेली. त्याच सुमारास फ्रान्सच्या द्राक्षबागा फिलॉक्सेरा नावाच्या किडीने उद्ध्वस्त केल्या, ब्रँडी मिळेनाशी झाली, आणि तिची जागा स्कॉचला मिळाली. मिश्रणाला व्हिस्की म्हणायचं का, हा वाद इतका चिघळला की ब्रिटनमध्ये शाही आयोग नेमावा लागला. त्याने १९०९ मध्ये म्हणावं असा निकाल दिला.

४. 'सिंगल' आणि 'ब्लेंडेड': माझी चूक इथे झाली होती

स्कॉटलंडच्या २००९ च्या नियमांत पाच प्रकार आहेत. सावकाश वाचा.

- सिंगल माल्ट: फक्त माल्ट केलेली बार्ली, पॉट स्टिल, एकच डिस्टिलरी.
- सिंगल ग्रेन: एकच डिस्टिलरी, पण गहू-मका यांसारखं धान्यही चालतं.
- ब्लेंडेड माल्ट: एकाहून जास्त डिस्टिलऱ्यांच्या सिंगल माल्ट एकत्र.
- ब्लेंडेड ग्रेन: तसंच, पण सिंगल ग्रेनचं मिश्रण.
- ब्लेंडेड स्कॉच: माल्ट आणि ग्रेन यांचं मिश्रण. जगात सर्वाधिक खपते ती ही.

'सिंगल'चा अर्थ एक डिस्टिलरी. एक पिंप असा नाही, एक धान्य असाही नाही. एका डिस्टिलरीच्या शेकडो पिंपांची मिसळण सिंगल माल्टच राहते. एकाच पिंपातली हवी असेल तर 'सिंगल कास्क' हे शब्द शोधा.

हे नियम आले त्यामागे एक प्रकरण आहे. २००३ मध्ये कार्डू या सिंगल माल्टला मागणी इतकी वाढली की माल पुरेना. कंपनीने दुसऱ्या डिस्टिलऱ्यांची माल्ट मिसळली, बाटली जवळपास तीच ठेवली आणि 'सिंगल'च्या जागी 'प्युअर' असा शब्द घातला. उद्योगात गदारोळ झाला, कंपनीला माघार घ्यावी लागली, आणि पुढे 'प्युअर माल्ट' हा शब्द स्कॉचच्या लेबलवर वापरायलाच बंदी आली. काकांसाठी आणलेली बाटली वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. ब्लेंडेड माल्टमध्ये फार छान व्हिस्क्या आहेत. फक्त मला काय घेतोय ते ठाऊक असायला हवं होतं.

५. पिंप वाचा, कारण चव तिथून येते

स्टिलमधून निघालेला अर्क पाण्यासारखा रंगहीन असतो. रंग आणि चवीचा बराच मोठा भाग ओकच्या पिंपातून येतो. स्कॉच म्हणवून घ्यायला स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात, किमान ३ वर्षं मुरावं लागतं आणि बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल लागतो.

आता इथली साखळी बघा, मला ही फार आवडते. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बन, म्हणजे तिथली मक्याची व्हिस्की, आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. म्हणजे एकदा वापरलेलं पिंप त्यांना बर्बनसाठी पुन्हा चालत नाही. साधारण २०० लिटरची ती पिंपं मग स्वस्तात स्कॉटलंड, आयर्लंड, अगदी बंगळूर-गोव्यापर्यंत जातात. लेबलवर 'एक्स-बर्बन कास्क' लिहिलेलं असतं ते हेच, आणि त्यातून व्हॅनिला, नारळ, मध अशा चवी येतात. 'शेरी कास्क' म्हणजे स्पेनच्या शेरी वाइनने मुरलेलं पिंप. त्यातून मनुका, खारीक, जायफळ.

*इथे चुकू नका:* गडद रंग म्हणजे जुनी व्हिस्की, असं नाही. स्कॉचमध्ये कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे. बर्बनमध्ये नाही.

६. देश बघा

स्कॉटलंडचे पाच प्रदेश लेबलवर येतात: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला. नवख्याने स्पेसाइडपासून सुरुवात करावी, फळांसारखी आणि सौम्य लागते. १८२३ च्या कायद्याने कर कमी झाला आणि परवाना घेणं परवडू लागलं. त्याआधी या डोंगरांत चोरट्या भट्ट्यांचं राज्य होतं. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला, तर शेजारचे भट्टीवाले त्याच्या जिवावर उठले. तो पिस्तुलं बाळगून हिंडायचा.

आयर्लंडच्या बाटलीवर 'सिंगल पॉट स्टिल' दिसलं तर ती घ्या. यात माल्ट केलेली आणि न केलेली बार्ली एकत्र असते. अठराव्या शतकात माल्टवर कर बसला, तो टाळायला मोड न आणलेली बार्ली मिसळायला लागले, आणि त्यातून एक तेलकट, मसालेदार चव जन्माला आली. कर विस्मरणात गेला, चव राहिली.

अमेरिकेत बर्बनसाठी किमान ५१ टक्के मका लागतो, राय व्हिस्कीसाठी तेवढीच राय, म्हणजे गव्हासारखं एक धान्य. 'स्ट्रेट' असेल तर किमान २ वर्षं मुरलेली. 'बॉटल्ड इन बॉन्ड' हा १८९७ च्या कायद्यातला शब्द, भेसळ रोखण्यासाठी आणलेला: एकच डिस्टिलरी, एकच हंगाम, किमान ४ वर्षं सरकारी देखरेखीखालचं गोदाम आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोल. बर्बन केंटकीतच व्हावी असं बंधन नाही, अमेरिकेत कुठेही चालते. टेनेसी व्हिस्की पिंपात भरण्याआधी मेपल लाकडाच्या कोळशातून गाळतात. जॅक डॅनियलला डिस्टिलिंग शिकवलं ते निअरेस्ट ग्रीन या गुलामगिरीत राबलेल्या कारागिराने. दीडशे वर्षं त्याचं नाव कंपनीच्या गोष्टीत जवळजवळ नव्हतं, म्हणून इथे लिहिलं.

जपानची गोष्ट १९२३ ला यामाझाकी डिस्टिलरीपासून सुरू होते. मासाताका ताकेत्सुरू हा तरुण स्कॉटलंडला जाऊन वह्या भरभरून टिपणं काढून आला होता. जपानी बाटली घेताना सावध राहा: २०२१ पर्यंत परदेशातून आणलेली व्हिस्की 'जपानी' म्हणून विकायला अडकाठी नव्हती. त्या वर्षी तिथल्या उत्पादक संघटनेने जपानमध्येच गाळण्याचा आणि ३ वर्षं मुरवण्याचा नियम घालून घेतला, पण तो सभासदांपुरता आहे.

कॅनडाच्या व्हिस्कीला तिथे 'राय' म्हणतात, आत राय थोडीच असली तरी.

७. भारतीय बाटली: इथे सर्वात जास्त लक्ष द्या

आपल्याकडे खपणाऱ्या पुष्कळ स्वस्त व्हिस्क्यांचा पाया मळीपासून काढलेला शुद्ध अर्क असतो. मळी म्हणजे साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरणारा काळा पाक. सांगली-कोल्हापूर-नगरच्या माणसाला तिचा वास लांबूनही ओळखू येतो. त्या अर्कात थोडी माल्ट, रंग आणि स्वाद मिसळतात. दुसऱ्या मुद्द्यातली ओळ आठवा: उसापासून निघालेला अर्क जगाच्या व्याख्येत रमच्या घराण्यातला. म्हणून युरोपीय संघात तो व्हिस्की या नावाने विकता येत नाही. आज काही भारतीय ब्रँड धान्याचा अर्क वापरतात. मागच्या लेबलवरचे घटक वाचा. 'ग्रेन न्यूट्रल स्पिरिट' लिहिलं असेल तर धान्याचा. त्यात 'स्कॉच माल्ट' हे शब्द दिसले तरी ती स्कॉच होत नाही. आत थोडी स्कॉच मिसळलेली आहे एवढाच त्याचा अर्थ.

भारतीय सिंगल माल्ट ही पूर्ण वेगळी गोष्ट, आणि मला तिचा मनापासून अभिमान आहे. हिमाचलात एडवर्ड डायरने एकोणिसाव्या शतकात कसौलीत सुरू केलेल्या कारखान्याच्या परंपरेत माल्ट व्हिस्की बनतच होती. पण जगाने दखल घेतली ती २००४ नंतर, जेव्हा बंगळूरच्या अमृतने आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली. गोव्याची पॉल जॉन २०१२ मध्ये आली, पुढे उत्तर प्रदेशची रामपूर, हरियाणाची इंद्री.

या बाटल्यांवर वय क्वचित दिसतं. पिंपातून दरवर्षी काही भाग उडून जातो, त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडच्या गारठ्यात तो साधारण २ टक्के, आपल्या उष्ण हवेत १० टक्क्यांच्या आसपास. बारा वर्षं ठेवली तर पिंपात फार थोडं उरेल. उन्हामुळे लाकूड आणि अर्क यांची देवाणघेवाणही झपाट्याने होते. त्यामुळे इथली पाच वर्षं आणि तिथली पाच वर्षं एका फूटपट्टीने मोजू नका.

८. आकडे

'१२ वर्षं' म्हणजे आतल्या सर्वात तरुण थेंबाचं वय. बाटलीत वय वाढत नाही. १९९० साली बाटलीत भरलेली बारा वर्षांची व्हिस्की आजही बारा वर्षांचीच. आकड्यापुढे 'वर्षं' लिहिलेलं नसेल तर ते वय समजू नका.

भारतीय बाटलीवरचे ४२.८ टक्के अनेकांना बुचकळ्यात टाकतात. हा ब्रिटिश काळाचा अवशेष. प्रूफ हे अल्कोहोलची तीव्रता सांगणारं माप; जुन्या पद्धतीत १०० अंश प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के, त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे ४२.८. अमेरिकेत प्रूफ टक्क्यांच्या दुप्पट, त्यामुळे ८० प्रूफ वाचून दचकू नका.

९. खरेदी करताना

व्हॉट्सॲपवर "ड्यूटी फ्रीची बाटली घरपोच" सांगणाऱ्याकडून घेऊ नका. परवानाधारक दुकानातूनच घ्या, बिल मागा, झाकणाचं सील तपासा. परदेशातून येताना माणशी २ लिटर आणता येते. गोव्यातून परवान्याशिवाय बाटल्या आणणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. बसमधले सगळेच आणतात, हे कारण चालत नाही.

१०. पहिली चव

तीस मिली ओता. नाक ग्लासात खुपसू नका, कडेशी धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. पहिला घोट फक्त जिभेची सवय करून देतो, मत बनवा ते दुसऱ्या घोटावर. मग चमचाभर पाणी घालून पुन्हा. पाण्याने वास उघडतो, त्यात कमीपणा नाही. बर्फाने जीभ बधिर होते, म्हणून शिकताना टाळा. काका आजही सोडा घालतात आणि मी त्यांना अडवत नाही.

वहीत आपल्या स्वयंपाकघरातले शब्द लिहा. परदेशी वर्णनांत हेदर नावाचं रानफूल आणि टॉफी असते. मला एका गोव्याच्या माल्टमध्ये काकवी आणि भाजलेलं कणीस सापडलं, आणि तेच लिहिलं. एका बैठकीत दोन प्रकार पुरे. गाडी चालवायची असेल तर त्या दिवशी एकही नको, औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

बाटली उभी आणि अंधारात ठेवा. आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोलने बूच कुजतं. निम्म्याहून कमी उरली की हवेने चव उतरते, तेव्हा सहा-आठ महिन्यांत संपवा किंवा लहान बाटलीत काढा. आणि रिकामी बाटली भंगारवाल्याला देण्याआधी लेबल खरवडून टाका, खोकं फाडून टाका. बनावट मालवाले अशाच चांगल्या बाटल्या शोधत असतात.